टोपी मारिओची, खेळ दुसऱ्याचा

1981 साली निन्टेंडोच्या शिगेरू मियामोतो यांना पॉपाय या अमेरिकी कार्टूनवर आर्केडमधला गेम करायचा होता. हक्कांचे जमले नाही. मग पॉपायच्या जागी एक मिशाळ सुतार आला, दांडगट ब्लूटोच्या जागी गोरिला आला आणि ऑलिव्हच्या जागी एक तरुणी. हाच ‘डाँकी काँग’. त्यातला सुतार पुढे मारिओ म्हणून घराघरात पोचला. लोकप्रिय चेहरा उसना घेऊन गेम विकायचा बेत फसला, म्हणून मारिओ जन्मला. पुढच्या काळात मात्र त्याचाच चेहरा अशा अनेक गेमांवर चढला, ज्यांचा त्याच्याशी मुळात काही संबंध नव्हता.

व्हिडिओ गेमच्या धंद्यात ही पद्धत जुनी आहे. गेम एकाने एका कल्पनेतून घडवलेला असतो. विकताना त्यावर ओळखीच्या मॅस्कॉटचे नाव येते, मूळ पात्रे पुसली जातात, आणि घेणाऱ्याला बहुधा हे कळतही नाही. यातून काही उत्तम गेम लाखो मुलांपर्यंत पोचले, ही या पद्धतीची जमेची बाजू. पण ज्यांनी ते गेम घडवले त्यांच्या पात्रांची आणि नावांची त्यात अनेकदा आहुती पडली, आणि तिची दखल फारशी कोणी घेतलेली नाही.

चेहऱ्याची गरज कुठून आली

ऐंशीच्या दशकात घरी खेळायचा गेम म्हणजे प्लास्टिकचे महागडे कार्ट्रिज. विकत घेण्याआधी ते खेळून पाहायची सोय फारशी नसे. मासिकातले दोन-चार फोटो, डब्यावरचे चित्र आणि मित्राचा शब्द, एवढ्यावर निर्णय व्हायचा. पैसे आईवडिलांच्या खिशातून जायचे आणि त्यांना गेममधले काही कळत नसायचे. अमेरिकेत तर 1983 मध्ये घरगुती व्हिडिओ गेमचा बाजार पार कोसळला होता. भाराभर सुमार कार्ट्रिजे दुकानात पडून राहिली आणि दुकानदारांचा या मालावरचा विश्वास उडाला. त्यानंतर दोन वर्षांनी निन्टेंडो आपला कन्सोल घेऊन तिथे उतरली, तेव्हा ओळखीचा चेहरा ही भरवशाची खूण ठरली. मुलगा दुकानात बोट दाखवून ‘तो मारिओवाला’ म्हणू शकत होता. विक्रेत्याला एवढे पुरेसे होते.

चेहरा बदलणे तांत्रिकदृष्ट्या सोपेही होते. त्या काळच्या निन्टेंडो कन्सोलवर पडद्यावरचे प्रत्येक चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या छोट्या चौकोनांतून जुळवलेले असे. बहुतेक कार्ट्रिजांत हे चौकोन वेगळ्या चिपमध्ये साठवलेले असत आणि खेळाचे नियम सांगणारा प्रोग्रॅम दुसऱ्या चिपमध्ये. नायक किती उंच उडेल, शत्रू कुठून येईल, हे सारे प्रोग्रॅम ठरवतो. पडद्यावर मिशा दिसतात की फेटा, याच्याशी त्याला देणेघेणे नसते. म्हणून चित्रांचे चौकोन बदलले की उड्या आणि सापळे तसेच ठेवून माणूस बदलता येतो.

स्वप्नांच्या कारखान्यातले कुटुंब

या पद्धतीचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतला ‘सुपर मारिओ ब्रदर्स 2’. जपानमध्ये या नावाचा गेम 1986 मध्येच निघाला होता. तो पहिल्या भागासारखाच दिसे, पण अतिशय कठीण होता. विषारी मशरूम, उलट्या दिशेने मागे नेऊन सोडणारे मार्ग आणि उडी ऐन वेळी बिघडवणारा वारा अशी त्याची रचना होती. निन्टेंडोच्या अमेरिकी शाखेने तो पाहिला आणि तिथल्या नव्या गिऱ्हाइकाला हा झेपणार नाही असे ठरवले. मग मारिओचा दुसरा भाग म्हणून अमेरिकेला द्यायचे काय?

उत्तर जपानमध्येच तयार होते. फुजी टेलिव्हिजन या वाहिनीने 1987 च्या उन्हाळ्यात ‘युमे कोजो’ म्हणजे स्वप्नांचा कारखाना नावाचे मोठे प्रदर्शन भरवले. त्याच्या प्रचारासाठी निन्टेंडोने ‘युमे कोजो: डोकी डोकी पॅनिक’ हा गेम तयार केला, तो जुलै 1987 मध्ये निघाला. प्रदर्शनाचे मॅस्कॉट असलेले अरबी वेषातले कुटुंब हेच त्याचे नायक: इमाजिन, लीना, मामा आणि पापा. त्यांना एका पुस्तकातल्या जगात शिरून तिथे अडकलेल्या मुलांना सोडवायचे असते.

इथे गुंता आणखी वाढतो. डोकी डोकी पॅनिकची कल्पनाही मुळात या कुटुंबासाठी सुचलेली नव्हती. दिग्दर्शक केन्सुके तानाबे यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे सुरुवातीचा नमुना दोघांनी मिळून खेळायचा होता. पडदा आडवा न सरकता खालून वर सरकत असे, आणि खेळाडू वस्तू उचलून, रचून, एकमेकांना फेकून वर चढत. तो नमुना मागे पडला, त्यातली उचलण्या-फेकण्याची आणि वर चढण्याची मजा उरली आणि तिच्यावर फुजी टीव्हीची पात्रे आली. पुढे त्याच खेळावर मारिओ आला. एकाच हाडामांसावर हा दुसरा वेष.

1988 मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ब्रदर्स 2’ निघाला तेव्हा इमाजिनचा मारिओ झाला, मामाचा लुईजी, लीनाची राजकन्या आणि पापाचा टोड. जादूच्या दिव्याची बाटली झाली, फेकायच्या मोठ्या मुखवट्याचे कासवाचे कवच झाले. बटण दाबून धावण्याची सोय वाढवली. मूळ गेममध्ये खरा शेवट पाहायला चारही पात्रांनी वेगवेगळा पूर्ण खेळ संपवावा लागे, ती अट काढून टाकली. बहुतेक शत्रू मात्र तसेच राहिले, आणि जमिनीतून भाज्या उपटून शत्रूवर फेकायची तऱ्हाही राहिली. पहिल्या भागात शत्रूच्या डोक्यावर उडी मारली की तो मरे. इथे खेळाडू त्याच्या डोक्यावर उभा राहतो आणि त्यालाच उचलतो. मारिओच्या चाहत्यांना हे विचित्र वाटायला हवे होते. गेम सत्तर लाखांवर प्रती खपला.

या गेमबद्दल माझे मत स्पष्ट आहे. इथे उसना चेहरा चढवण्यातून दोन्ही बाजूंना काही मिळाले. मामा उंच होती, म्हणून तिच्या जागी आलेला लुईजी पहिल्यांदा मारिओपेक्षा उंच दिसला. तोवर तो फक्त हिरव्या कपड्यांतला मारिओ होता. मामाची लांब उडीही त्याच्याकडे आली. राजकन्येचे काही क्षण हवेत तरंगणे लीनाकडून आले, आणि पुढच्या कितीतरी गेमांत तिची तीच ओळख ठरली. मुखवटा घातलेले शाय गाय, पायांवर चालणारे बाँब, तोंडातून अंडी फेकणारी बर्डो ही मंडळी पुढे मारिओच्या जगातच राहायला आली. एका वाहिनीच्या जाहिरातीसाठी केलेल्या गेमने मारिओच्या घराण्याला निम्मे नातेवाईक दिले. 1992 मध्ये हाच गेम ‘सुपर मारिओ यूएसए’ या नावाने जपानलाही परत गेला.

पण इमाजिनचे कुटुंब? त्यांचे हक्क वाहिनीकडे होते, प्रदर्शन संपले आणि त्यांचे काम संपले. ज्या उड्यांवर जगभरची मुले खूश झाली त्या मुळात कुणाच्या, हे वर्षानुवर्षे कुणाला ठाऊक नव्हते.

पॅक-मॅनची बायको

मारिओच्या या गेमआधीही हे घडले होते. मॅसॅच्युसेट्समधल्या जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या तरुणांच्या कंपनीने पॅक-मॅनच्या आर्केड यंत्राला जोडायचे एक सुधारित किट तयार केले होते. त्यातल्या प्राण्याला पाय होते आणि त्याचे नाव क्रेझी ओटो. एकाऐवजी चार भुलभुलैये होते आणि फळे एका जागी न थांबता फिरत. अमेरिकेत पॅक-मॅन विकणाऱ्या मिडवे कंपनीपुढे त्यांनी ते ठेवले. मिडवेने ते घेतले, ओटोचे पाय काढले, त्याला लाल रिबन लावली, आणि 1982 मध्ये ‘मिस पॅक-मॅन’ बाजारात आली. अमेरिकी आर्केडच्या इतिहासात इतके यश फार थोड्या यंत्रांना मिळाले.

एकच कोडे, तीन वेष

हिरोशिमाच्या कंपाइल कंपनीचा ‘पुयो पुयो’ हा रंगीत थेंब जुळवायचा गेम. एकाच रंगाचे चार थेंब चिकटले की फुटतात. त्यातून दुसरे जुळून फुटले तर साखळी होते आणि प्रतिस्पर्ध्याच्या पडद्यावर कचरा कोसळतो. साखळी आधीपासून रचून योग्य वेळी फोडणे हे त्यातले कौशल्य, आणि ते सहजासहजी अंगवळणी पडत नाही. या गेममधली आर्ले ही मुलगी आणि तिचा सोबती कार्बंकल कंपाइलच्याच ‘मादो मोनोगातारी’ या आधीच्या साहसकथेतून आलेले. तो थेंबही तिथला एक फुटकळ शत्रू होता. म्हणजे पुयो पुयोनेही आपल्या चेहऱ्यांची उसनवारी केली होती, पण ती घरातल्या घरात.

सेगा या गेम कंपनीने तो अमेरिकेत नेताना या मुलीला बाजूला केले. 1993 मध्ये तो ‘डॉक्टर रोबोटनिक्स मीन बीन मशीन’ या नावाने आला. रोबोटनिक हा सेगाचा मॅस्कॉट सॉनिक याचा शत्रू, आणि त्याचे साथीदार त्या वेळी टीव्हीवर चालू असलेल्या सॉनिकच्या कार्टूनमधले. खुद्द सॉनिक गेममध्ये कुठेच नाही. दोन वर्षांनी निन्टेंडोच्या कन्सोलवर तोच खेळ ‘कर्बीज अव्हलांश’ म्हणून आला, तेव्हा निन्टेंडोचा गुलाबी गोल कर्बी राजा डेडेडीशी थेंबांची लढत खेळू लागला. हिरोशिमात घडलेला एकच खेळ अमेरिकेत दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मॅस्कॉटांच्या नावाने विकला गेला, आणि घेणाऱ्या मुलांना दोन्ही गेम एकच आहेत हे माहीत नसे.

यात खेळाचे नुकसान झाले असे मी म्हणणार नाही. साखळीचा हिशोब तोच राहिला. नुकसान झाले ते ओळखीचे. जपानमध्ये आर्ले दोन पिढ्यांना परिचित झाली, तिच्यावर पुढचे गेम निघत गेले. पाश्चात्त्य देशांत तिला नव्याने सुरुवात करावी लागली. 2017 मध्ये ‘पुयो पुयो टेट्रिस’ तिथे मूळ पात्रांसह पोचला तेव्हा अनेकांना ही रोबोटनिकच्या बीन मशीनचीच मंडळी आहेत हे समजले.

परीचे नाव दोनदा गेले

मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती ‘पॅनेल दे पोन’बद्दल. इंटेलिजंट सिस्टिम्सने केलेला आणि निन्टेंडोने ऑक्टोबर 1995 मध्ये जपानमध्ये काढलेला हा गेम. खालून वर सरकत येणाऱ्या रंगीत पट्ट्यांतले दोन शेजारचे चौकोन अदलाबदल करून तीन जुळवायचे. चौकोन पडत असतानाच पुढची जुळणी करायची मुभा असल्यामुळे सरावलेला खेळाडू एकामागून एक साखळ्या उभ्या करतो. वेग आणि विचार यांची अशी जोडी कोड्यांच्या गेमांत क्वचित सापडते. नायिका लिप ही फुलांची परी, आणि तिच्या मैत्रिणी पाण्याच्या, आगीच्या, बर्फाच्या.

अमेरिकेसाठी पऱ्या गेल्या आणि त्यांच्या जागी मारिओच्या जगातला योशी आणि त्याच्या बेटावरची मंडळी आली. नावही बदलले: ‘टेट्रिस अटॅक’. टेट्रिसमध्ये वरून आकार पडतात आणि ओळी भरायच्या असतात. इथे तसे काहीच नाही. परवानगी घेऊन ते गाजलेले नाव लावले होते. एका गेमवर दोन उसने शिक्के बसले, डब्यावर टेट्रिस आणि पडद्यावर योशी, आणि दोघांचाही या खेळाच्या घडणीशी संबंध नाही.

त्याची किंमत पुढे मोजावी लागली. टेट्रिस हे नाव निन्टेंडोचे नव्हते. तोच खेळ पुन्हा काढायचा तर ते नाव वापरता येईना, आणि लिपला तर तिथे कोणी ओळखतच नव्हते. म्हणून 2000 मध्ये तो पोकेमॉनच्या चेहऱ्याने आला: ‘पोकेमॉन पझल लीग’. 2007 मध्ये तो ‘प्लॅनेट पझल लीग’ झाला, तेव्हा त्यात कोणतेच पात्र नव्हते. योशी, पिकाचू आणि मग कोरा पडदा. प्रत्येक वेळी नव्या खेळाडूंना हा नवाच गेम वाटला. ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’मध्ये 2001 साली लिपची फुलाची काठी हत्यार म्हणून आली. पाश्चात्त्य खेळाडूंनी ती वापरली, पण ही लिप कोण हे त्यांना कुठून कळणार?

जेव्हा नायिका पिंजऱ्यात जाते

इंग्लंडमधल्या रेअर कंपनीने निन्टेंडो 64 साठी ‘डायनोसॉर प्लॅनेट’ हे मोठे साहस रचले होते. त्यात सेबर आणि क्रिस्टल असे दोन नायक, दोघांचे स्वतंत्र प्रवास. मियामोतो यांना सेबर आपल्या ‘स्टार फॉक्स’मधल्या फॉक्ससारखा दिसला आणि त्यांनी हा गेम फॉक्सचाच करावा असे सुचवले. काम निन्टेंडोच्या पुढच्या कन्सोलवर, गेमक्यूबवर हलले आणि सप्टेंबर 2002 मध्ये ‘स्टार फॉक्स ॲडव्हेंचर्स’ निघाला. स्टार फॉक्स हा अंतराळयानातून गोळीबार करायचा गेम. इथे फॉक्स काठी घेऊन डायनोसॉरांच्या गावात पायी फिरतो. यान उडवायचे टप्पे अधूनमधून जोडलेले आहेत आणि जोड दिसतो.

इथे चेहरा चढवल्याने कथा मोडली. क्रिस्टल सुरुवातीला थोडा वेळ खेळायला मिळते आणि मग स्फटिकात कैद होऊन फॉक्सची वाट पाहत राहते. मूळ आराखड्यातली बरोबरीची नायिका सोडवून आणायची वस्तू झाली. गेम निघाला त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने रेअरला 37.5 कोटी डॉलरला विकत घेतले. मूळ डायनोसॉर प्लॅनेटची अपुरी प्रत 2021 मध्ये उजेडात आली. तिच्यात क्रिस्टल अजूनही स्वतःच्या पायांवर चालताना दिसते.

नुसतेच नाव

काही वेळा खाली गेमही धड नसतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला निन्टेंडोने मारिओ इतर कंपन्यांना वापरू दिला. 1992 च्या ‘मारिओ टीचेस टायपिंग’मध्ये तो टंकलेखन शिकवतो, ‘मारिओ इज मिसिंग’मध्ये लुईजी जगातल्या शहरांत चोरीच्या वस्तू परत करत भूगोल शिकवतो. फिलिप्सच्या सीडी-आय यंत्रासाठी 1994 मध्ये आलेला ‘हॉटेल मारिओ’ म्हणजे दारे लावत फिरण्याचा खेळ. मुलांना शिकवायला ओळखीचा चेहरा वापरणे मला गैर वाटत नाही. मात्र मारिओच्या नावाबरोबर पळण्या-उडण्याची एक अपेक्षा येते, आणि तिला पोकळ गेम जोडला की मुलाचा विश्वास दुखावतो.

आपल्या घरातल्या कॅसेटी

परवानगीने जे होत होते तेच बिनपरवानगीही होत होते, आणि तो माल आपल्याकडे भरपूर आला. नव्वदच्या दशकात मुंबई-पुण्यापासून तालुक्याच्या गावापर्यंत जे टीव्ही गेम खेळले गेले ते बहुतांश निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जपानी कन्सोलची नक्कल होते. कार्ट्रिजला आपण कॅसेट म्हणत असू. चित्रांचे चौकोन वेगळे काढून बदलता येतात, ही सोय नकली कॅसेटी करणाऱ्यांनी पुरेपूर वापरली. ‘सुपर मारिओ 14’ नावाची कॅसेट म्हणजे आयरेम कंपनीच्या ‘काइकेत्सु यानचामारू 3’ या जपानी गेमवर बसवलेला मारिओ. ‘सोमारी’मध्ये तर सॉनिकचे रस्ते आणि त्यावर धावणारा मारिओ. मारिओचे चौदा भाग असतील यावर विश्वास ठेवणारी मुले काही भोळी नव्हती. त्यांच्यापर्यंत खरी यादी पोचायला मार्गच नव्हता.

चेहरा आत मुरतो तेव्हा

मॅस्कॉट घेतल्याने गेम घडतो, असेही होते. ‘सुपर मारिओ कार्ट’ची सुरुवात दोघांनी एकाच पडद्यावर शर्यत खेळावी या कल्पनेतून झाली. आधी गाडीत एक साधा, कुठलाही माणूस होता. काही महिन्यांनी मारिओ बसवून पाहिला, तो शोभला, आणि मग बाकी सारे त्याच्या जगातून आले. 1992 मध्ये निघालेल्या या गेममध्ये कवचे, मशरूम आणि केळ्याची साले शर्यतीचे नियमच बनली. मारिओ काढला तर खेळ उरत नाही.

‘कर्बीज एपिक यार्न’ हे मला त्याहून मनापासून आवडणारे उदाहरण. गुड-फील या कंपनीने लोकरीच्या धाग्यांच्या जगावर गेम रचायला घेतला होता, नायक राजपुत्र फ्लफ. निन्टेंडोच्या सूचनेने तो कर्बीचा झाला आणि 2010 मध्ये निघाला. पण फ्लफला पुसले नाही. जग त्याचेच राहिले, कर्बी तिथे पाहुणा म्हणून आला, आणि दुसरा खेळाडू फ्लफ होऊन खेळू शकतो. विक्री कर्बीने केली आणि मूळ नायकही गेममध्ये राहिला. यापेक्षा न्याय्य तडजोड मला या सगळ्या इतिहासात सापडत नाही.

नावे परत देणे

मे 2020 मध्ये निन्टेंडोने स्विचवरच्या जुन्या गेमांच्या संग्रहात ‘पॅनेल दे पोन’ पाश्चात्त्य देशांतही दिला, जपानी रूपात, मूळ नावाने, लिप आणि तिच्या मैत्रिणींसह. पंचवीस वर्षे लागली, पण काम झाले. डोकी डोकी पॅनिकच्या वाट्याला तसे अजून आलेले नाही. निन्टेंडो आणि फुजी टेलिव्हिजन या दोन्ही संस्था आजही चालू आहेत, आणि ज्याच्यावर मारिओचा एक अख्खा भाग उभा आहे तो गेम इमाजिन, लीना, मामा आणि पापा यांच्यासह पुन्हा काढणे त्यांच्या हातात आहे. त्यांनी तो काढावा. सुपर मारिओ ब्रदर्स 2 च्या शेजारी तो ठेवून खेळता आला, तर लुईजी इतकी लांब उडी का मारतो हे एखाद्या दहा वर्षांच्या मुलालाही कोणी न सांगता समजेल.